लाटेतले मासे

३ मार्च

पुन्हा बसलं मशीन. कॉम्प्युटरवर रचलेली माझी लाट वर चढली, माथा वाकायला लागला, आता ऊन आरपार जाणार — आणि पडदा काळा. दर वेळी तिथेच! नुसतं पाणी दाखव म्हटलं तर दाखवतं. पाण्यातून उजेड ने म्हटलं की मान टाकतं.

थॉर्किल मागे खुर्चीत बसून बघत होता. माझा सासरा. ऐंशी उलटलेला, जन्मभर थिबोरॉन बंदराच्या बोटींवर गेलेला कोळी. "बुडाली?" म्हणाला. म्हटलं, बुडाली. "माणसं वाचली का?" म्हणाला, आणि थर्मासमधली उरलीसुरली कॉफी स्वतःलाच ओतून घेतली.

४ मार्च

त्याची लाट इथे लिहून ठेवते. कितीदा ऐकलीय तरी काटा येतो.

एकोणीस वर्षांचा होता. एप्रिल महिना. वादळ सरलेलं, आभाळ स्वच्छ, पण समुद्राला अजून ते कळलेलं नव्हतं. बोट घराकडे वळलेली. पश्चिमेला एक लाट उभी राहिली आणि सूर्य नेमका तिच्या मागे आला. अख्खी लाट आतून पेटली — हिरवी, बाटलीच्या काचेसारखी. आणि तिच्यात मासे. हेरिंगची झुंडच्या झुंड. "कोळ्यानं मासे खाली वाकून बघायचे असतात, यिल्वा. मी मान वर करून बघितले. माझ्या डोक्यावरून गेले."

बोटीवर तिघे होते. मालक, हा, आणि याचा थोरला भाऊ अंकर. अंकर पुढे कधीतरी समुद्रातच गेला, एवढंच एस्बेनला माहीत आहे. एस्बेन म्हणजे माझा नवरा, थॉर्किलचा एकुलता एक. त्या लाटेवर त्याचा काडीचा विश्वास नाही. "बाबाची लाट दर नाताळात वीतभर वाढते," म्हणतो. तेही बापाच्या तोंडावर.

माझा आहे विश्वास. मासे वर आणि कोळी खाली — असलं खोटं सुचणार कुणाला?

७ मार्च

थॉर्किलला होल्स्टेब्रोच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डोळ्यात सुया देणं आता बंद, उपयोग होत नाही. नजरेचा मधला भाग जाणार. कडा राहतील. म्हणजे जे बघायचं तेच दिसायचं नाही, त्याच्या आजूबाजूचं दिसेल. केव्हापर्यंत, विचारलं. उन्हाळ्यापर्यंत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

परतीला गाडीत बसलो. लेमविगचा उतार लागला तेव्हा म्हणाला, "लाट कुठवर आली?"

"थोडी राहिलीय," मी म्हटलं. धादांत खोटं.

"मला ती बघायचीय. ऐकायची नाही, ऐकून पाठ आहे. एकदा बघायचीय."

खिडकीकडे तोंड करून म्हणाला. मला रडू आलं, पण गाडी चालवत होते, रडून कसं चालेल.

८ मार्च

ठरलं. मशीनमध्ये नवं काहीतरी घालायचंच. पण काय? सगळं बदलायची ऐपत नाही. पोटापाण्यासाठी मी लहान मुलांच्या मालिकेतले ससे हलवते. सशांच्या जिवावर एखाद-दुसरी वस्तू येईल.

मेरेटेला फोन केला. पूर्वी वीबोर्गच्या स्टुडिओत ती आमची मशीनं सांभाळायची, आता मेंढ्या सांभाळते. मेंढ्या बऱ्या, म्हणते, त्या निदान ओरडून सांगतात. मी म्हटलं, सगळ्यात भारी प्रोसेसर कुठला?

"डॉक्टरकडे जाऊन असंच विचारतेस का गं? भारीतलं औषध द्या म्हणून? दुखतंय कुठे ते आधी बघ. लाट चालू कर, नि कोण दमतंय ते बघत बस. मग मला फोन कर. जेवणाच्या वेळी नको."

१० मार्च

बसले बघत. कोण किती काम करतंय त्याचे काटे एका कोपऱ्यात उघडून ठेवले आणि लाट सोडली.

प्रोसेसर — ज्याला मी इतके दिवस शिव्या घालत होते — आरामात बसलेला! रॅमही अर्धी रिकामी. आणि ग्राफिक्स कार्ड, जे बिचारं सगळा उजेड रंगवतं, त्याची स्वतःची मेमरी काठोकाठ भरली, सांडली, आणि पडदा काळा.

मेरेटे म्हणाली, "झालं तर. स्वयंपाकीण चांगली आहे, फ्रीज मोठा आहे, ओटा लहान आहे. तुझी लाट ओट्यावर मावत नाही."

इतकं साधं! आणि मी प्रोसेसर घ्यायला निघाले होते. तो आणून लावला असता आणि लाट त्याच जागी पडली असती.

११ मार्च

आज काम केलं नाही, नुसता विचार केला.

माझ्या एका चित्रात सूर्याचे किती किरण सुटतात ते मोजायच्या भानगडीत मी कधी पडले नाही. प्रत्येक किरण पाण्यात शिरतो, वाकतो, कुठल्यातरी माशाच्या खवल्यावर आपटतो, तिथून दुसऱ्या खवल्यावर, आणि थकत थकत बाहेर येतो. अशी पंचवीस चित्रं झाली की लाट एक सेकंद पुढे सरकते. हे सगळं एका पत्र्याच्या डब्यात होतं. टेबलाखाली. जिथे मी हिवाळ्यात पाय शेकते.

सूर्य हे रोज फुकट करतो. खाडीवर गेले होते संध्याकाळी. नुसती बघत उभी राहिले, एवढ्याशा लाटा, आणि प्रत्येकीत तो सगळा हिशोब चुकता झालेला. देवाधर्माचं मला फारसं नाही, पण तिथे टोपी काढून हातात घेतली. कान गोठले.

१५ मार्च

दोन कार्डं. एक कोरं, यंदाचं, जुन्याच्या दुप्पट वेगाचं, कडेने रंगीत दिवे लुकलुकणारं. पण मेमरी जेमतेम. दुसरं होल्स्टेब्रोच्या एका माणसाचं वापरलेलं, दोन पिढ्या जुनं, वेगाला कमी, पण मेमरी दुप्पट. किंमत जवळजवळ सारखी.

मन नव्याकडे धावतं. का धावू नये? सगळे त्याचंच कौतुक करतात.

जेवताना थॉर्किलला समजावून सांगत होते. राईच्या पावावर लिव्हरची चटणी थापत ऐकत होता. हल्ली चटणी पावाच्या कडेवर जाते, मध्ये कोरडं राहतं. मग म्हणाला, "म्हणजे इंजिन नवं, पण मासे ठेवायचा खण लहान. धावत जाशील, आणि मासे काय खिशात घालून आणशील?"

एस्बेन हसला. मीही. पण नव्या कार्डाची गोष्ट तिथेच संपली.

२० मार्च

मेरेटे: "पॉवर सप्लायही बदल, जुन्याला हा बोजा पेलणार नाही. आणि कार्ड लांब असतं, आधी कॅबिनेट मोज. आधी! ऐकू येतंय का?"

ऐकू आलं. एस्बेनला टेप देऊन टेबलाखाली घातलं. आतून ओरडला, मी लिहून घेतलं: २७०. कार्ड २६५ मिलिमीटर. बसतंय! होल्स्टेब्रोच्या माणसाला कळवलं. पॉवर सप्लायही तोच देतोय.

२६ मार्च

थॉर्किलने आज मला दारात ओळखलं नाही. आवाज ऐकल्यावर म्हणाला, "अच्छा, तू होय. तुझ्या तोंडाच्या जागी भोक आहे." मग माझं तोंड पडलं असेल, तेही त्याला दिसलं नाही. खांदा थोपटून म्हणाला, "केस छान आहेत."

२ एप्रिल

कार्ड आलं. जड आहे, विटेएवढं. तीन पंखे. हातात धरून बसले होते, मांजराचं पिल्लू धरावं तसं.

लावायला गेले. बसेना. बोटाच्या पेराएवढं उरलं बाहेर.

पुन्हा मोजलं. २५०!

"तू सत्तर म्हणालास," मी म्हटलं.

"मी पन्नास म्हणालो," एस्बेन म्हणाला.

या माणसांची आकडेमोड! आमच्या स्वीडनमध्ये पन्नास म्हणजे पाच दहा आणि सत्तर म्हणजे सात दहा, पोरसुद्धा चुकणार नाही. डॅनिश माणूस विसांत मोजतो. पन्नास म्हणजे अडीच विसा, सत्तर म्हणजे साडेतीन विसा. तेही पुरतं म्हणत नाहीत, शेपूट गिळतात — हाल्ट्रेस, हाल्फ्येर्स — तोंडात गरम बटाटा धरून! आणि ते टेबलाखालून! लग्न होऊन येऊन मला इथे वीस वर्षं झाली, स्वप्नं डॅनिशमध्ये पडतात, भांडते डॅनिशमध्ये, पण आकडा आला की मी परकी.

"बाईला अजून मोजता येत नाही," एस्बेन थॉर्किलला म्हणाला.

"तुला अजून बोलता येत नाही," थॉर्किल म्हणाला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. मी पाय विकत घेऊन आले. होल्स्टेब्रोचा माणूस परत घ्यायला तयार नाही. नवं कॅबिनेट आता ईस्टरनंतर, सगळं बंद. आणि म्हातारा पावाच्या मधोमध चटणी लावू शकत नाहीये.

स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं आणि मनसोक्त रडले.

३ एप्रिल

सकाळी उठले तर एस्बेन डब्यात डोकं घालून बसलेला. शाळेत सुतारकाम शिकवतो. त्याला कापता येत नाही अशी वस्तू मी बघितलेली नाही. पुढच्या बाजूला हार्ड डिस्क ठेवायचा एक पत्र्याचा पिंजरा आहे, रिकामाच. तो कार्डाच्या वाटेत येतोय. "हा उडवला की झालं," म्हणाला.

मी म्हटलं, कीस बोर्डावर पडला तर मशीनच जाईल. म्हणून आधी सगळं बाहेर काढलं. बोर्ड, वायरी, पंखे, सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं. डबा घेऊन बापलेक शेडमध्ये गेले. करवतीचा आवाज इतका भयंकर की शेजारीण बघून गेली.

कापलेली कड थॉर्किलने घासली. डोळे मिटून, अंगठ्याने चाचपत, कानस फिरवत. "उघड्यापेक्षा मिटून बरं दिसतं," म्हणाला. एस्बेन धरून उभा होता. दोघं बोलत नव्हते, पण भांडतही नव्हते. हे मी फार कमी बघितलंय.

४ एप्रिल

बसलं! बटण दाबलं, काही नाही. पॉवरची एक वायर अर्धीच खोचली होती. पुन्हा दाबलं. तिन्ही पंखे फिरले. थॉर्किल म्हणाला, "इंजिन चांगलं आहे. खोकत नाही."

५ एप्रिल

कसं लिहू?

लाट सोडली. चढली, माथा वाकला. नेहमीची जागा आली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर पडदा काळा नव्हता. आधी नुसता दाणेदार धुरळा, मग तो निवळत गेला, आणि उजेड मागून आत शिरला. खाली काळपट, मग शेवाळी, मग वर वर जात असा हिरवा, की त्याला नाव नाही. त्यात मासे पेटले. एकेक. मी उठून उभी राहिले. आपलंच काम बघून कुणी उभं राहतं का? राहिले.

हे मी केलंय असं वाटेना. मी फक्त सांगितलं होतं, पाणी इतकं दाट, सूर्य इथे. बाकी त्याचं ते झालं. समुद्र टेबलाखाली होता आणि घर गप्प होतं.

एस्बेनला हाक मारली. हात ओले, खांद्यावर फडकं, तसाच आला. बराच वेळ बघत राहिला.

"असं दिसतं?" म्हणाला.

"सूर्य मागे असेल तर असंच दिसायला हवं. मी काही जास्तीचं घातलेलं नाही."

फडक्याने हात पुसत राहिला, कोरडे झाले तरी. "म्हणजे बाबा खरं सांगत होता."

६ एप्रिल

थॉर्किलला आत्ताच दाखवायची नाही. पुरी करूनच. मशीन रात्रंदिवस चालू आहे. खोली इतकी गरम की एस्बेनने पाव फुगायला तिथे ठेवला.

१४ एप्रिल

एस्बेन आज बापाला म्हणाला, "त्या माशांचं पुन्हा सांग ना." थॉर्किल थबकला. "तुला रे कशाला?" म्हणाला. सांगितलं मात्र, थोडक्यात. नेहमीपेक्षा फारच थोडक्यात.

२१ एप्रिल

लाट पुरी झाली. उद्या दाखवायची.

२२ एप्रिल

दाखवली. टीव्हीला जवळजवळ नाक लावून, कोंबडी दाणा बघते तशी मान तिरकी करून, कडेच्या नजरेने बघितली. "पुन्हा लाव," म्हणाला. पुन्हा. आणखी एकदा. एस्बेन खुर्चीमागे उभा.

"पाणी बरोबर आहे. उजेडही," म्हणाला. "मासे काढून टाक."

का, मी विचारलं.

"मासे नव्हतेच. लाटेत अंकर होता. पिवळ्या डगल्यात. माझ्या डोक्यावरून गेला, माझ्याकडे बघत. घरी आल्यावर आईनं विचारलं, तुला काय दिसलं? मी म्हणालो, मासे."

एस्बेन खाली जमिनीवरच बसला.

"घाबरलेला नव्हता गं तो. तेवढं नीट काढ."

मी मासे पुसले.