बाकावरचा वुबो

१० नोव्हेंबर, रविवार

वुबो! नेमका वुबोच निघावा माझ्या नशिबी!

पाच डिसेंबरच्या भेटींसाठी अलिडाकडे चिठ्ठ्या काढल्या; ज्याचं नाव निघेल त्याला गुपचूप भेट द्यायची. आई, अलिडा, तिचा नवरा वुबो, त्यांची फेम्के आणि मी. एरवी चिठ्ठ्यांचं भांडं आईच्या हातात असतं, यंदा अलिडाच घेऊन फिरली. माझ्याकडे सगळ्यात शेवटी आली. "घे, उरलीसुरली तुला," म्हणाली. धाकटी बहीण असून तोरा मोठा.

भेट नुसती कागदात गुंडाळून चालत नाही. त्या माणसाची खोडी काढणारं काहीतरी स्वतःच्या हाताने बनवायचं, भेट त्याच्या पोटात दडवायची, सोबत यमक जुळवलेली कविता, खाली सही सिंटबाबांची, म्हणजे त्या रात्री घोड्यावरून भेटी वाटत येणाऱ्या संताची. ही कविता त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. हे नियम करणाऱ्यांनी वुबो पाहिला नव्हता. विमा कंपनीत बावीस वर्षं एकच खुर्ची, शनिवारी सायकल पुसतो, कुणाला उलटून बोलत नाही. खोडी काढायची तरी कशाची?

आणखी एक. हल्ली तो आणि अलिडा फार सभ्यपणे बोलतात. "मीठ देतेस का, प्लीज." "हो, देते ना." वीस वर्षं भांडणाऱ्या जोडप्याला झालंय काय? मला त्याचीच धास्ती वाटते.

१४ नोव्हेंबर

आईला आडून आडून विचारलं. "जावई माझा सोन्यासारखा आहे," एवढंच. सोन्याची खोडी कशी काढायची?

१८ नोव्हेंबर

अलिडाचा फोन. पाच तारखेला माझ्याकडे काय करायचं — सॉसेज रोल तू, बदामाच्या सारणाची लांब पेस्ट्री मी, कोको फेम्के — सगळं ठरलं. ठेवता ठेवता म्हणाली, "मीप, कुणाला वुबो निघालाय मला माहीत नाही हं. पण ज्याला निघाला असेल त्याला सांग, वुबोला हल्ली नदीकाठच्या बाकावर बसायला आवडतं. जुन्या धक्क्यापाशी."

"मग ज्याला निघालाय त्यालाच सांग की!"

"तेच करतेय," म्हणाली आणि फोन ठेवला!

तिला माहीत आहे की नाही? आणि वुबो, बाकावर? नदीकाठी गेलं की याला सर्दी होते.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पाहिला! मंगळवार, सकाळचे अकरा, कडाक्याचा वारा, आणि आमचे वुबोराव टाय लावून, ऑफिसची बॅग मांडीवर घेऊन बाकावर बसलेले. समोर दोन बदकं. मी सायकल वळवून झाडामागे उभी राहिले. अर्धा तास हलला नाही.

ऑफिसला दांडी! वुबोने! आणि बायकोला ठाऊक आहे! मला इतकं हसू आलं की पुलावरून येताना एका बाईने वळून बघितलं. मिळाली, खोडी मिळाली.

घरी आल्यावर मात्र हसू ओसरलं. दांडी मारणारा माणूस खुशीत दिसायला हवा. हा तसा दिसत नव्हता. पण वुबो खुशीत असला तरी कुठे दिसतो?

२४ नोव्हेंबर

संत्र्यांच्या खोक्याचा बाक. कोंबड्यांच्या जाळीचा माणूस, त्यावर खळ लावलेली वर्तमानपत्रं, पाच थर. स्वयंपाकघरभर खळ, केसांतही. जुन्या दिव्याच्या टोपीतून टाय कापला, आंघोळीच्या स्पंजाची बदकं केली. भेट म्हणजे आतून लोकर असलेले हातमोजे, त्याच्या पोटात. वुबोने स्वतःचं पोट फाडल्याशिवाय मिळायचे नाहीत. नाक जरा मोठं झालंय. राहू दे.

१ डिसेंबर

कविता झाली. शेवटच्या दोन ओळींवर तर मी स्वतःच खूश आहे:

सिंटबाबा घोड्यावरून नदीकाठी आला,
टायवाला साहेब एक बाकावर दिसला.
ऑफिसातली खुर्ची पुसे, गेला कुठे धनी?
बदकं म्हणती, आमच्याकडे! सांगू नका कुणी!

६ डिसेंबर

कालची रात्र डोक्यातून जात नाही.

सुरुवात छान झाली. यंदा विकतचा कागद आणलाच नव्हता. तपकिरी कागदावर बटाट्याचे ठसे मारून लाल घोडे उठवले, लोकरीने बांधलं. प्रत्येकाच्या ताटाजवळ त्याच्या नावाचं चॉकलेटचं अक्षर. फेम्केने बाहेर जाऊन दार धडाधडा वाजवलं, मूठभर मसाल्याची बिस्किटं आत फेकली, आणि भेटींचं पोतं उंबऱ्यात ठेवलं. आई चौऱ्याऐंशीची, तरी दचकते आणि टाळ्या वाजवते.

मग वुबोची पाळी. बाक बघून फेम्के किंचाळली, "बाबा, नाक बघा तुमचं!" तोही हसला. पोट फाडलं, हातमोजे घातले आणि हातमोजे घालूनच कविता हातात घेतली. सिंटबाबा आला, साहेब दिसला — इथवर बरोबर. मग थांबला. आणि पुढे वाचलं ते असं:

रविवारचं जेवण जास्त, चालवेना पाऊल,
सासूबाईंच्या पुडिंगची या नदीलाही चाहूल!

आई हसून हसून लाल. फेम्केने टेबल बडवलं. आणि मी? तोंड उघडं टाकून बसले. हे मी लिहिलंच नव्हतं! बोलायची सोय नाही, कारण लिहिणारे सिंटबाबा! वुबो — जो वाढदिवसाच्या कार्डावर नावापलीकडे शब्द लिहीत नाही — उभ्या उभ्या यमक जुळवतो? का? माझं इतकं वाईट होतं? की लागलं त्याला?

कविता आई दरवर्षी गोळा करून ठेवते. त्याने ती घडी करून खिशात घातली. अलिडा हसली नाही. तिची नजर त्या खिशावर होती.

आमच्या घरातून या रात्री कुणी दुखावून गेलेलं नाही आजवर. काल गेलं का? कुणामुळे?

७ डिसेंबर

अलिडा पेस्ट्रीचा ट्रे परत न्यायला आली. कोट न काढताच: "काय लिहिलं होतंस?"

"मी? सिंटबाबांनी."

"मीप, पुरे!"

म्हणून दाखवली. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि रडायला लागली. मग सगळं सांगून टाकलं.

वुबोची नोकरी ऑगस्टमध्येच गेली. त्याने घरी सांगितलं नाही. ऑफिसातल्या एका बाईने निरोपाचं फुलझाड घरी पाठवलं, ते हिच्या हाती पडलं. हिने ते शेजारणीला देऊन टाकलं आणि गप्प बसली. तो रोज टाय लावून निघतो, ही दारातून हात हलवते.

"विचारायचं नाहीस?"

"विचारलं तर त्याची मान खाली जाईल. मला वाटलं, सिंटबाबांनी विचारलं तर हसत हसत सांगेल. त्या रात्री काहीही बोललं तरी चालतं ना गं?"

त्या दिवशी वुबोच्या नावाची चिठ्ठी तिने तळहातात धरून ठेवली होती. माझ्यासाठीच. "तू लिहितेस त्याला धार असते," म्हणे!

मी भडकले. माझ्या हातून त्याचं पोट फाडून घेतलंस, मला न सांगता! आईसमोर, पोरीसमोर! ती म्हणाली, "मग मी काय करू, तूच सांग." तिचा राग करावा की तिला जवळ घ्यावं? दोन्ही केलं. ट्रे तसाच राहिला.

८ डिसेंबर

तिला सगळं कळतंय, हे त्याला कळलंय का? की तिला काहीच कळत नाही, असं त्याला वाटतं? डोकं दुखायला लागलं. झोपते.

१० डिसेंबर, मंगळवार

सकाळी नऊला वुबो दारात. टाय, बॅग, मी दिलेले हातमोजे. आत ये म्हटलं तर पायपुसण्यावरच उभा.

"मीप, तिला सगळं माहीत आहे. ऑक्टोबरपासून बॅगेत गरम सूपचा थर्मास असतो. ऑफिसात हीटरशेजारी बसणाऱ्या माणसाला कोण सूप देतं?"

"मग बोलत का नाहीस, बाबा?"

"रोज दारात तोंड उघडतो, आणि 'येतो' म्हणून निघतो." त्याने हातमोजे काढले, परत घातले. "तू लिहून दे. मी तिला वाचून दाखवतो. फक्त यमक नको."