अकरा घावांचे फळीघर

मी, सुताराची एकुलती एक मुलगी, वय चोवीस, घरातली पहिली पदवीधर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहिते आहे. उजवे मनगट मोडल्याने अक्षर डाव्या हाताचे आहे; ते माझेच समजावे.

परवा कोर्टात मी काकांविरुद्ध साक्ष देणार आहे. जामिनावर सुटून ते भर चौकात म्हणाले, "तारखेआधी पोरीला त्याच फळ्यांत ठेचतो." आई-बाबा हयात नाहीत; मी मेले तर घर वारसाने त्यांच्याकडे जाईल. म्हणून हे मृत्युपत्र.

१. पणजोबांनी बांधलेले फळीघर. त्याला एकही खिळा नाही. खांबांच्या खाचांत फळ्या सरकवल्या आहेत. एक पाचर काढली की सगळ्या सुटतात. ती कुठली, हे बाबांनी फक्त मला दाखवले. काकांना फळ्या अखंड विकायच्या होत्या. "पाचर दाखव, नाहीतर हात गेला समज," म्हणत त्यांनी माझा हात उंबऱ्यावर दाबला आणि लाकडी हातोडा घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पाचर दाखवली नाही. मग त्यांनी भिंतीवर कुऱ्हाडीचे अकरा घाव घातले. बारावा माझ्यावर येत होता, तेव्हा काकूने उकळत्या पाण्याचे पातेले त्यांच्या पाठीवर ओतले. त्यापायी त्यांनी तिचे चार दात पाडले.

हे घर मी काकूला पूर्ण मालकीने देते. पाचर तिला दाखवली आहे. पुढच्या खोलीत गावातल्या मुलींना अभ्यासाला बसू द्यावे, एवढी विनंती.

२. बाबांचे रंधे आणि पटाश्या शेजारच्या सुतारकाकांना. मोडक्या हाताला पट्टी बांधून त्यांनीच मला दवाखान्यात नेले.

३. काकांना देण्यासारखे माझ्याकडे काही नाही. माफीसुद्धा नाही.

४. माझा लेखी जबाब वकीलबाईंकडे आहे. मी नसले तर तो कोर्टापुढे ठेवावा.

साक्षीदार म्हणून सही करायला काकू हट्ट धरून बसली होती.

"मी करते की गं! तूच शिकवलीस ना सही?"

"तुझी नाही चालणार, काकू."

"का? इतकी वर्षं अंगठा लावला म्हणून?"

"नाही गं. घर तुला मिळतंय. ज्याला मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या."

तिने दाराकडे पाहिले. "म्हणजे त्याला मी दाराबाहेर ठेवू शकते?"

"हो."

"आतून कडी लावून?"

"हो, काकू."

ती उठली आणि कडी लावून आली.

लिहून देणार: (डाव्या हाताची सही)

आमच्यासमोर सही झाली:
मुख्याध्यापिका (सही)
दवाखान्याचे डॉक्टर (सही)

फळीघर, पुढची खोली. साक्षीच्या दोन दिवस आधी, शनिवार, सकाळी दहा.