बाटलीच्या तळचा साका

४ जानेवारी

चि. छबूस,
अनेक आशीर्वाद. रक्ताचा रिपोर्ट सोबत पाठवतोय, डोळे फाडून वाच. कोलेस्टेरॉल दोनशे सत्तरवरून एकशे बहात्तरवर! डॉक्टरांची गोळी मी चार महिन्यांपूर्वीच सोडली, हे तुला ठाऊक आहे. घेतो तो फक्त पानामुळांचा अर्क. तू जन्मभर लॅबमध्ये लोकांच्या रक्ताच्या नळ्या फिरवल्यास, पण सख्ख्या भावावर विश्वास नाही.

बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसतो. दुकानातलं घड्याळं बघायचं भिंग लावून मी तो पाहिला. अस्सल सत्त्व आहे! गेला महिनाभर चमचे दुप्पट केलेत आणि साकाही चाटूनपुसून खातो. तुझी वहिनी मात्र तोंड पाडून बसलीय. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.
तुझा ठणठणीत,
दादा

११ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. रिपोर्ट वाचला आणि कपाळावर हात मारला. यकृताची तपासणी कुठाय? अर्क कशाचाही असो, पोटात गेला की यकृतालाच निस्तरावा लागतो. झाडपाल्याने अपाय होत नाही, हे पालुपद मला ऐकवू नकोस. धोतराही झाडावरच येतो. कुणी घड्याळात भलतं तेल ओतलं तर तू आठ दिवस त्याचा उद्धार करतोस, आणि स्वतःच्या पोटात खुशाल काहीही ओततोस! उद्याच्या उद्या तपासणी कर. वहिनीला नावं ठेवू नकोस. तुझ्यासारख्या अर्काबरोबर संसार करतेय बिचारी.
लोभ आहेच, थोडी अक्कलही असू दे.
छबू

१९ जानेवारी

प्रिय वन्संना,
नमस्कार. यकृताचा जो आकडा चाळीसच्या आत हवा, तो दोनशेच्या वर गेलाय. ह्यांना जेवण जात नाही. मी घाबरून डॉक्टरांसमोर सगळं सांगून टाकलं, आता तुम्हालाही सांगते. तो साका माझा आहे.

सांगून सांगून माझी जीभ झिजली, पण हे गोळीला हात लावेनात. शेवटी गोळ्या खलून अर्कात मिसळू लागले. बाटली पंधरा दिवसांची, म्हणून पंधरा गोळ्या. मग ह्यांनी चमचे वाढवले, बाटली आठवड्यात संपू लागली, आणि मी वेडी दर बाटलीत पंधराच घालत राहिले. बिघाड अर्काने झाला, जास्त गोळ्यांनी, की दोघांच्या संगनमताने, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. सध्या दोन्ही बंद आहे. ह्यांनी माझ्याशी बोलणंही बंद केलंय. चूक माझीच, पण वन्सं, ह्या माणसापुढे मी करायचं तरी काय होतं?
रागावलात तरी माया सोडू नका.
तुमची वहिनी

८ मार्च

चि. छबूस,
आशीर्वाद. तुझं शिव्यांनी भरलेलं पत्र मिळालं. चार पानं, सगळी मलाच, वहिनीला एक ओळ नाही! यकृताचा आकडा छत्तीसवर आलाय. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केलीय, दिवसाला एकच. अर्क कायमचा बंद.

पंधरा दिवस मी तिच्याशी बोललो नाही. आपल्याच घरात आपल्याला फसवलं, म्हणून डोकं तडकलं होतं. मग डॉक्टरांनी विचारलं, की बायकोने गोळीबद्दल आधी किती वेळा सांगितलं होतं. मी म्हणालो, रोज. मला फार वाईट वाटलं, छबू.

आता ती गोळी माझ्या तळहातावर ठेवते, समोर उभी राहते आणि नंतर आ करून दाखवायला लावते. ह्या वयात! नुसता वैताग आहे. काल ती दिवसभर बहिणीकडे होती. घरात बघायला कोणी नव्हतं, तरी मी आठवणीने गोळी घेतली. संध्याकाळी तिला सांगितलं, तर तिचा विश्वासच बसेना. पाकीट मोजून दाखवलं, तर म्हणाली की एखादी खिडकीतून फेकायला कितीसा वेळ लागतो. शेवटी म्हणाली, की वन्संना तुम्ही कधी खोटं लिहीत नाही, त्यांना लिहा, मग मी खरं मानीन.

कळावे, की गोळी घेतली.
दादा