निवांत बेडूक आणि बँडचे कागद

८ एप्रिल, मंगळवार

सरावानंतर मीटिंग. इंगविल्डने बॉम्ब टाकला. ही आमच्या बँडची प्रमुख. वय चौतीस, आवाज हेडमास्तरणीचा. म्हणाली, सतरा मेची, म्हणजे राष्ट्रदिनाची, मिरवणूक झाली की कागद बंद. एक तयार ऑनलाइन सेवा आहे, नोटेशन थेट प्रत्येकाच्या फोनवर येतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग नोटेशन सांभाळणाऱ्याने काय करायचं, असं मी विचारलं. सगळे आपापल्या कॉफीत बघायला लागले.

स्पष्टच लिहितो, इथे कोण वाचतंय. दोन वर्षांपूर्वी कवळी बसली तेव्हापासून मला हॉर्न फुंकता येत नाही. हवा बाजूने पळते आणि कवळी पुढे येते. एकतीस वर्षं वाजवलं होतं. आता नोटेशनचं कपाट माझ्याकडे आहे, म्हणून युनिफॉर्म माझ्याकडे आहे. कपाट गेलं की युनिफॉर्म गेला. मग सतरा मेला मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बँडला टाटा करायचा. हे होणे नाही.

उभा राहिलो. म्हणालो, परक्या कंपनीकडे कशाला जायचं? मी घरी स्वतःचा सर्व्हर उभारतो. फोनवरून थेट फोनवर, मध्ये कुणी नाही. यंदाची मिरवणूकच माझ्या सर्व्हरवर वाजवू. ओदब्यर्नने विचारलं, सर्व्हर म्हणजे काय रे. (हा ट्युबावाला, माझा शेजारी. चाळीस वर्षांचा मित्र, त्यामुळे मान ठेवत नाही.) त्याला नीट समजावलं. मला स्वतःला गेल्या गुरुवारीच कळलं होतं, पण ते त्याला कशाला सांगा.

इंगविल्ड म्हणाली, बरं, सतरा मेपर्यंत बघू.

१० एप्रिल

तूरुनच्या ऑफिसने मोडीत काढलेला कॉम्प्युटर तिने घरी आणला होता, तो ताब्यात घेतला. बायकोचा असा उपयोग क्वचित होतो.

फोनवरून फोनवर फायली पाठवणारं एक ॲप सापडलं, ते कंटेनरमध्ये येतं. कंटेनर म्हणजे डबा. ॲप आणि त्याला लागणारं सगळं सामान एकाच डब्यात. डबा ठेवला, झाकण काढलं, झालं. सूचनांमध्ये लिहिलंय पंधरा मिनिटं. म्हणजे मला दहा.

१० एप्रिल, संध्याकाळ

दहा मिनिटं अजून चालू आहेत.

१३ एप्रिल

डबा उभारायला जी फाइल लिहावी लागते, तिच्या सातव्या ओळीत चूक आहे असं कॉम्प्युटर म्हणतो. सातवी ओळ मी चाळीस वेळा वाचली. काहीही चूक नाही. कॉम्प्युटर खोटं बोलतोय. मोडीत काढला तो उगाच नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

सातव्या ओळीच्या सुरुवातीला दोनऐवजी तीन मोकळ्या जागा सुटल्या होत्या. पाच दिवस! जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे चूक! हे ज्याने बनवलं त्याला एकदा भेटायचंय.

सरावाला गेलो, पण मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो. पलीकडे काय वाजत होतं, देव जाणे. हल्ली मला ऐकायला वेळ नसतो.

१६ एप्रिल

चाललं!!!

लॅपटॉपवर पान उघडलं. ॲप प्रत्येकाला आपल्या मनाने नाव देतं. मला दिलं 'चिडका गवा'. असो. सुरुवातीला पानावर एकटा गवाच होता. सर्व्हर कुठे दिसेना. तूरुन विणकाम करत बसली होती. तिला कौतुक वाटावं म्हणून तिच्या टॅबलेटवरही तेच पान उघडून दिलं, आणि परत लॅपटॉपपाशी येतो तर काय, समोर 'निवांत बेडूक'! सर्व्हर जागा झाला होता. डोळ्यांत पाणी आलं. तूरुन म्हणाली, छान हं. आणि मग म्हणाली, तुझ्या ओरडण्याने माझे दोन टाके सुटले.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

ईस्टरच्या सुट्टीला सारं गाव डोंगरातल्या केबिनवर. मी एकटा मातृभूमीच्या सेवेत. चारशे बारा पानं स्कॅन केली आणि एकेक बेडकाला पाठवली. टिंग, टिंग, टिंग. बेडूक एकही नाकारत नाही. काय भूक आहे!

तूरुनची कुरकुर. तिचा टॅबलेट सारखा 'घेऊ का, घेऊ का' विचारतोय म्हणे. मी म्हटलं, अगं जाहिराती असतील, हो म्हणून टाक, म्हणजे थांबेल. बायकांना तंत्रज्ञानाची धास्ती फार.

२६ एप्रिल, शनिवार

ऐतिहासिक दिवस. अठरा फायली गाडीत घातल्या आणि रद्दी केंद्रावर नेऊन कागदाच्या डब्यात रिकाम्या केल्या. तिथल्या माणसाने विचारलं, नक्की ना? मी फक्त हसलो.

घरी येऊन लॅपटॉपवरच्या प्रतीही पुसल्या. कचरापेटीही रिकामी केली. दोन ठिकाणी माल ठेवणं हे अविश्वासाचं लक्षण आहे. माझा बेडकावर विश्वास आहे.

२८ एप्रिल

तूरुन बर्गनला बहिणीकडे गेली. बहिणीचं खुब्याचं ऑपरेशन आहे, पंधरा मेला परत. जाताना लोकर, सुया, टॅबलेट आणि फ्रीजमधलं सगळं चांगलं चीज घेऊन गेली.

संध्याकाळी बेडूक दिसला नाही. विश्रांती घेत असेल. चारशे बारा पानं गिळली, मी असतो तर मीही आडवा झालो असतो.

३० एप्रिल

ओदब्यर्नला म्हटलं, तुझ्या घरून जोडून बघ. त्याला कोरं पान दिसतं. त्याचं घर चाळीस मीटरवर आहे! तो फोनवर म्हणाला, खिडकी उघडू का? मी म्हटलं, त्याने काही होत नाही. तरी उघडून बघितली. काही झालं नाही.

सूचना पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचल्या. दोन्ही फोन एकाच वायफायवर असतील तर ठीक, नाहीतर आणखी एक सर्व्हर लागतो, आणखी एका डब्यात. पुन्हा त्या ओळी आणि त्या जागा मोजायच्या? अजिबात नाही. मला त्याहून सरस कल्पना सुचली. सगळ्यांनी आमच्या दिवाणखान्यात यायचं. माझ्याच वायफायवर.

इंटरनेटने माणसं एकमेकांपासून तोडली. मी जोडतोय.

४ मे, रविवार

एकोणीस जण आले. दारात एकोणीस जोडी बूट, आत एकोणीस जोडी मोजे, त्यातल्या सहांना भोकं. वॉफल मी केले. पहिले आठ जळले. उरलेल्यांवर तपकिरी चीज घातलं असतं, पण ते बर्गनला आहे.

ॲप उत्तम चाललं. सगळ्यांना नावं मिळाली. ओदब्यर्नला 'लाजरा उंट', त्यावरून अर्धा तास धिंगाणा. पहिली यशस्वी फाइल त्यानेच पाठवली. नोटेशन नव्हे, शनिवारी पकडलेल्या कॉड माशाचा फोटो. मग ड्रमवाल्यांनी तो इतरांना पाठवला. तासाभरात एकोणीसच्या एकोणीस फोनांवर कॉड. इंगविल्ड म्हणाली, मासा बघितला, आता वाजवायचा मार्च कुठाय? मी म्हटलं, सर्व्हर आज विश्रांती घेतोय, आजची चाचणी फक्त वाहतुकीची होती. ती म्हणाली, अर्नफिन, खरं सांग. मी म्हटलं, खरंच सांगतोय. आणि मला खरंच तसं वाटत होतं.

जाताना सगळे म्हणाले, मजा आली. ह्यालाच यशस्वी चाचणी म्हणतात.

९ मे

बेडूक नाही.

डबा मोडला, पुन्हा केला. अकरा वेळा. आधी कॉम्प्युटर बंद करून, मग चालू ठेवून, मग जागा बदलून खिडकीपाशी. पानावर मी एकटाच गवा. सर्व्हरला गावातली थंडी बाधली असेल का? कॉम्प्युटरवर लोकरीची टोपी ठेवली. मग तो तापला. टोपी काढली.

१३ मे, मंगळवार

इंगविल्डने सगळ्यांसमोर विचारलं, काम कुठवर आलंय. मी म्हटलं, पंच्याण्णव टक्के. ती म्हणाली, उरलेले पाच कुठले? मी म्हटलं, फायलींचे.

१५ मे, गुरुवार

तूरुन परत आली. कॉफी घेऊन सोफ्यावर बसली, विणकाम काढलं, टॅबलेट उघडला. आणि त्याच क्षणी माझ्या लॅपटॉपवर टिंग. निवांत बेडूक!

मी ओरडलो. तिला मिठी मारली. कॉफी सांडली. सतरा दिवसांनी आला होता! खात्री करायला बेडकाला दोनच अक्षरं पाठवली: हॅलो.

तूरुनचा टॅबलेट वाजला. ती म्हणाली, हा चिडका गवा कोण? मला हॅलो म्हणतोय.

मी तिचा टॅबलेट हातात घेतला. त्यावर तिचं नाव होतं 'निवांत बेडूक'. मग विचारलं, ती चारशे बारा पानं कुठायत. कुठली पानं? नोटेशनची. ते काळे ठिपके होय, ती म्हणाली. ते बसमध्येच पुसले. टॅबलेट भरला होता, स्वेटरचं डिझाइन उतरत नव्हतं. तूच तर म्हणालास जाहिराती आहेत म्हणून.

बोलण्यासारखं एकच वाक्य होतं आणि ते माझंच होतं.

१६ मे

रद्दी केंद्राला फोन. तो माणूस म्हणाला, ते तर परवाच गेलं, आता त्याची खोकी होतील. सूचना पुन्हा वाचल्या. तिथे पहिल्याच ओळीत लिहिलंय की सर्व्हर कुठलीही फाइल स्वतःकडे ठेवत नाही. पहिली ओळ कोण वाचतं?

दुपारी युनिफॉर्मला इस्त्री केली, बटणं पुसली, पिशवीत घातला आणि इंगविल्डकडे गेलो. सगळं सांगितलं. आधी दोष कॉम्प्युटरला दिला, मग तूरुनला, मग उरला मीच. म्हटलं, उद्या बँड मुका चालणार आहे आणि ते माझ्यामुळे. तिने सगळं ऐकून घेतलं. पिशवीला हातही लावला नाही. म्हणाली, साडेसातला शाळेपाशी ये. युनिफॉर्म घालून ये.

मी म्हटलं, अगं पण वाजवणार काय? ती म्हणाली, तू ये रे.

१७ मे, शनिवार

साडेसातला पोचलो. सगळे उभे होते. वाद्यांना कागद लावायच्या क्लिपा रिकाम्या. मला वाटलं, आता एकेक जण येऊन काहीतरी सुनावणार. एकाने नुसता माझा टाय सरळ करून दिला. मी हॉर्नवाल्यांच्या ओळीत, माझ्या जुन्या जागी, मोकळ्या हातांनी उभा राहिलो. फुटपाथवर सगळं गाव, झेंडे, आजीबायांनी नटवलेली नातवंडं.

इंगविल्डने हात वर केला. आणि वाजलं. पहिल्या सुरापासून वाजलं. ट्रंपेट, ड्रम, सगळे. कुणी कुणाकडे बघेना, कुणी अडखळेना. पहिला मार्च संपला, दुसरा सुरू. चर्चच्या वळणावर मधे थांबून पुन्हा पहिलं कडवं घ्यायचं असतं, तिथे सगळे एकदम थांबले. मी एकटा ते विसरून दोन पावलं पुढे गेलो आणि पुढच्या बाईच्या पाठीवर आपटलो.

नंतर हॉट डॉगच्या रांगेत ओदब्यर्नला विचारलं, तुला हे कधीपासून पाठ आहे? तो म्हणाला, अरे, तीस वर्षं आपण हेच पाच मार्च वाजवतोय. सगळ्यांनाच पाठ आहेत. मग कागद कशाला लावत होतात? तो हनुवटीवरचा मोहरीचा सॉस पुसत म्हणाला, तू घरोघरी जाऊन वाटायचास ना. लावला नसता तर तुला वाईट वाटलं असतं.

वाईट वाटलं. फार वाटलं. अख्ख्या बँडमध्ये त्या कागदांची गरज एकट्या मला होती.

निघताना इंगविल्ड म्हणाली, मंगळवारी सातला सराव आहे, यायचंय. मी विचारलं, येऊन करू काय? तिने विचार केला. तिला काही सुचलं नाही, मलाही नाही.

मंगळवारी सातला जाणार आहे.