थेंब मोजून केलेल्या मेणबत्त्या

४ ऑक्टोबर १९८८

आजही नाही. लवंगेच्या तेलाची बाटली नाकाशी धरली. डोळ्यांत पाणी आलं, आत चुरचुरलं – वास नाही. जानेवारीत मोठी सर्दी झाली. सर्दी आठ दिवसांत गेली, वास परत आलाच नाही. पालघरचे डॉक्टर म्हणाले, "काहींचा येतो, काहींचा नाही." नऊ महिने झाले.

नर्मदाला सांगितलेलं नाही. कंपनीतही कुणाला नाही. बावीस वर्षं सुगंधी तेलांच्या विभागात होतो. माझ्या नाकाने माल पास व्हायचा, नाहीतर परत जायचा. लोकांना कळायच्या आत मार्चमध्ये मीच राजीनामा दिला. घरी सांगितलं, आता स्वतःचं काहीतरी करू, सुगंधी मेणबत्त्या. नर्मदा खूश झाली. तेच जास्त टोचतं.

७ ऑक्टोबर

दोन डझन ओतल्या. मेण वितळलं की खाली उतरवायचं, थोडं निवू द्यायचं, मग तेल घालायचं. घाई केली तर वास उडतो, उशीर केला तर मेण धरायला लागतं. हे थर्मामीटर बघून जमतं. तेल मात्र थेंब मोजून, जुन्या सवयीने. बाटलीतलं तेल चांगलं आहे की बिघडलंय, ते कळायला मार्ग नाही.

एक नर्मदाला पेटवून दाखवली. "बरी हाय," म्हणाली, आणि खिडकी उघडायला गेली.

१२ ऑक्टोबर

नर्मदाने विचारलं, "बोंबलाचं कालवण कसं झालंय?" छान, म्हणालो. दोनदा घेतलं. जिभेला तिखट-मीठ कळतं, बाकी काही नाही. मग ती जेवायला बसली आणि पहिल्याच घासाला उठली. "उतरलंय हे. तुमी खाल्लंत कसं?"

भूक लागली होती, म्हणालो. ती बघत राहिली.

१६ ऑक्टोबर

केळव्याहून धर्माजी आला, नर्मदाचा भाऊ. तिथे तो पाहुण्यांना खोल्या देतो. विकायला म्हणून मेणबत्त्या त्याच्याकडे ठेवल्या होत्या. पिशवी परत घेऊन आला. "भावजी, राग मानू नका. पाव्हणे लावतात नि लगेच इझवतात. डोकं धरतं म्हणतात."

मी मुंबईच्या लोकांना नावं ठेवली. बराच वेळ बोलत होतो. नर्मदा मान खाली घालून तांदूळ निवडत होती.

१७ ऑक्टोबर

काही केलं नाही. बसून होतो.

२१ ऑक्टोबर

आज थोडक्यात वाचलो.

नर्मदा बाजारात गेली होती. मेण चढवायला शेगडीपाशी गेलो, काडी पेटीवर टेकवली, तेवढ्यात शेजारच्या चंद्रकांताताई खिडकीतून ओरडल्या – "काडी ओढू नका! गॅस येतोय, आमच्या घरापर्यंत!" नळी चिरली होती. दोन्ही खोल्या गॅसने भरल्या होत्या आणि मी मधोमध उभा. ताई आत आल्या, सिलिंडर बंद केला, दारं उघडली. मला म्हणाल्या, "एवढा वास, नि तुमाला कळलं नाय?"

नर्मदा आल्यावर हे त्यांनीच तिला सांगितलं. त्या गेल्यावर नर्मदा माझ्यासमोर बसली.

"कधीपासून?"

"जानेवारी."

"नोकरी त्यापायीच सोडलीत?"

"हो."

"रोज मी इचारते, कसं झालंय. नि रोज तुमी छान म्हणता."

मग म्हणाली, "मेणबत्त्या वाईट होत्या ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. वाटलं, यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून गप्प राह्यले."

२ नोव्हेंबर

नर्मदा कामापुरतं बोलते. भाजी कशी झाली ते आता विचारत नाही.

१४ नोव्हेंबर

दुपारी स्वतःहून बाटल्या घेऊन बसली. "शिकवा," म्हणाली.

कागदाच्या पट्ट्या कापल्या. तेलात टोक बुडवायचं, लगेच हुंगायचं, तासाने हुंगायचं, संध्याकाळी पुन्हा. एका वेळी तीनच, नाहीतर नाक थकतं. लवंगेला म्हणाली, "दात काढायचा दवाखाना." वाळ्याचं तेल संध्याकाळपर्यंत हातात धरून होती. "आमच्या वाडीत ओल्या सुपारीच्या सालींचा ढीग असतो ना, दोन दिवसांनी येतो तसा." बावीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. अगदी बरोबर होतं.

मेणबत्तीतली लवंग तिने निम्म्याहून कमी केली. जिरेनियमच्या तेलाची बाटली ओतून टाकली. "हे खराब झालंय." मी थर्मामीटर धरून उभा होतो. वाईट वाटलं. तिला दिसू दिलं नाही.

२० नोव्हेंबर

एकनाथ आला. कंपनीत माझ्या हाताखाली शिकलेला. आता त्याची स्वतःची अगरबत्तीची शेड आहे एमआयडीसीत. "काका, रोज सकाळी दोन तास या. फक्त नाक पाहिजे तुमचं." खिशातून बाटली काढली, पट्टी बुडवून पुढे केली.

मी पट्टी नाकाशी धरली. पूर्वीसारखे डोळे मिटले. "चांगलं आहे," म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

नर्मदा चहा घेऊन दारात होती. पट्टी माझ्या हातातून घेतली. "चांगलं नाय. गुलाब वरवर हाय. खाली रॉकेलसारखा येतो."

एकनाथने स्वतः हुंगलं. "मलाही तोच संशय होता, काकी. म्हणून तर आलो." मग माझ्याकडे बघितलं. नर्मदाही बघत होती. सांगावं लागलं – सगळं, राजीनाम्यासकट. शेवटी तो नर्मदाला म्हणाला, "मग तुम्ही याल का, काकी?" चहा तसाच निवला.

२८ नोव्हेंबर

सकाळी आठला नर्मदा एकनाथच्या शेडवर कामाला गेली. माझ्या जागेवर. मी दार लावलं आणि जानेवारीपासून पहिल्यांदा रडलो. वाईट वाटून की सुटल्यासारखं वाटून, ते अजून कळत नाही.