पोटाचं ऑपरेशन

धंतोली, नागपूर
फेब्रुवारी १९८४

प्रिय मधू,

तुझा हुकूमनामा मिळाला. त्याला पत्र म्हणवत नाही, कारण बाबा कसे आहेत हे त्यात एकदाही विचारलेलं नव्हतं. निळा शर्ट घाला, दाढी करून द्या, खिडकीशी खुर्चीत बसवा, हातात वर्तमानपत्र द्या, बोलू देऊ नका, आणि कुणी विचारलंच तर पोटाचं ऑपरेशन झालं म्हणा. बँकेत तू असलीच परिपत्रकं काढत असशील, तर तुझ्या हाताखालच्या लोकांची मला दया येते. तरी सगळं केलं. भिवापूरचे शालिकरामजी आपल्या मुलीला, शामलाला, घेऊन भावी व्याह्यांच्या भेटीला आले, तेव्हा तुझे बाबा खिडकीशी बसलेले होते. वर्तमानपत्र उलटं होतं, पण सुलटं द्या असं तू लिहिलं नव्हतंस.

आदल्या दिवशी तुझे रुपरावकाका तालमीला आले. शेंदूर फासलेल्या दगडासारखा त्या माणसाचा चेहरा; त्यावर लाज कधी दिसलीच नाही. येताना टाल्कम पावडरचा डबा आणला होता. सख्ख्या थोरल्या भावाच्या तोंडाला पावडर लावून, हनुवटी धरून त्यांनी ती उजेडात पाहिली. मुलगी दाखवायची असली की घरच्या बायका करतात, अगदी तसं. मग शिकवणी सुरू झाली. "भाऊ, पोट म्हणायचं, पोट. डोक्याचं नाव काढायचं नाही." तुझ्या बाबांनी पोटावरून हात फिरवला आणि काळजीने विचारलं, "काहून गा, पोटाले काय झालं?" काका म्हणाले, "ऑपरेशन झालं ना." त्यावर बाबा शर्ट वर करून टाके शोधू लागले. रात्री झोपेपर्यंत शोधत होते. तुझ्या खोटेपणावर मनापासून विश्वास ठेवणारा हा एकच माणूस निघाला.

तू दिवाळीनंतर आला नाहीस, म्हणून इथलं थोडं सांगते. चोपन्न वर्षांच्या माणसाला असा विसर पडतो, तेव्हा त्याला ठेवायचं कुठे हे या शहरात कुणालाच माहीत नाही. वेड्यांच्या इस्पितळात मी पाठवणार नव्हते. शेवटी या बाळंतपणाच्या नर्सिंग होमच्या बाईंनी वरच्या मजल्यावरची मागची खोली दिली. खाली दिवसरात्र बाळं रडतात. नवे बाप, नव्या आज्या पेढ्यांचे पुडे घेऊन जिन्यात फिरत असतात, आणि वर आले की यांनाही एक पेढा देतात. हे उठून उभे राहतात आणि मुलगा की मुलगी ते विचारून अभिनंदन करतात. जमीन मोजणारा सर्व्हेअर स्वतःच्या गल्लीत हरवला, हे आपले नातेवाईक येऊन मला हसत हसत ऐकवतात, जणू मी ते सोसलंच नाही. मग यांच्या तोंडासमोर बोट नाचवून "सांगा बरं, मी कोण?" अशी परीक्षा घेतात. त्यापेक्षा पेढे वाटणारी ती अनोळखी माणसं बरी. ती परीक्षा घेत नाहीत.

तर पाहुणे आले. रुपरावांनी पोह्यांच्या बशा पुढे केल्या, वर चण्याची झणझणीत तर्री घातली आणि तुझ्या पगाराचं कौतुक सुरू केलं. शालिकरामजी मिरचीचे व्यापारी आहेत. माल हातात घेऊन पाहायची त्यांना सवय. ते तुझ्या काकांकडे न बघता यांच्याकडेच बघत होते. शेवटी नमस्कार करून म्हणाले, "कसं आहे जी आता?" यांनी चांगले कपडे पाहिले, समोर खाण्याची बशी पाहिली. वर्तमानपत्र बाजूला ठेवून हे उभे राहिले, त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "मुलगा की मुलगी?"

शालिकरामजी गोंधळले. "मुलगी जी. हेच ना, शामला," म्हणाले आणि लेकीकडे बोट केलं. हे त्या सहावारी साडी नेसलेल्या मुलीकडे मोठ्या प्रेमाने बघत राहिले. "वा. गोड आहे. वजन किती भरलं?"

रुपराव मोठ्याने हसले. भाऊ फार विनोदी आहेत म्हणाले. कुणी हसलं नाही. तेव्हा ती पोरगी खुर्चीवरून उठली, यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "साडेसहा पौंड, काका. आई सांगत असते." यांचं समाधान झालं. "चांगलं आहे. आईले आता आराम करू द्या," म्हणाले आणि खाली बसले.

मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, "काकू, यांना खरंच काय झालंय?" तुझे काका "पोटाचं" एवढं म्हणाले असतील, मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. सगळं सांगितलं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलेलं अल्झायमर हे नावही सांगितलं, मला जमलं तसं. शालिकरामजींनी हातातली बशी खाली ठेवली आणि लेकीला घेऊन जिना उतरले. रुपराव पोहे घेऊन त्यांच्यामागे धावले. जिन्यातून तर्री सांडत गेली, ती आयाने दुपारी पुसली.

तुला राग आला असेल. येऊ दे. माझं लग्न ठरलं तेव्हा बैठकीत तुझ्या आजोबांना असंच फेटा बांधून लोडाशी बसवलं होतं. म्हातारे कमी बोलतात, असं माझ्या वडिलांना सांगण्यात आलं. म्हातारे! पंचावन्नचे होते. लग्न होऊन आल्यावर कळलं की त्यांना परसात दोरीने बांधून ठेवत असत, आणि गावात बाहेरचं काही लागलं म्हणत. तेव्हा कुणाला काही कळत नव्हतं, म्हणून त्या लोकांना मी सोडून देते. तुला कळतं. मुंबईला डॉक्टरांना तू दाराशी थांबून हळूच काय विचारलंस, ते मी ऐकलं आहे. चिठ्ठी घ्यायला मी परत आले होते. हा रोग इतक्या लवकर झाला तर कधी कधी घराण्यात असतो, मुलांकडे येईल का ते नक्की सांगता येत नाही, असं ते म्हणाले. त्यानंतर तू एकदाच आलास, दिवाळीला, तेही दारातून बघून गेलास. मला वाटत होतं, तुला बापाची लाज वाटते. तसं असतं तर तिरस्कार करून मोकळी झाले असते.

शामला रविवारी एकटीच आली होती. यांच्याजवळ बसली, आणि निघताना मला तेच विचारलं, जे तू डॉक्टरांना विचारलं होतंस. मी म्हटलं, मधूला विचार. उत्तर मी तुझ्या आजोबांपासून पाहत आले आहे. पण ते तिने तुझ्या तोंडून ऐकावं. वडिलांची समजूत ती घालेल म्हणते, पण तू स्वतः येऊन सांगितलंस तरच विचार करणार, नाहीतर नकार. तिच्या हो-नाहीची मला चिंता नाही. गेल्या खेपेला तू चष्मा दाराशीच विसरून गेलास, तर तूही विसरू लागलास की काय म्हणून तो हातात धरून मी पलंगाच्या कडेवर बसून राहिले. ही भीती आपल्या दोघांचीच राहिली तर सोसेन. एका परक्या मुलीला न सांगता तिच्या पदरात बांधणार असशील, तर त्या मांडवात मी येणार नाही. तिला सांगायला तू येणार नाहीस असं मला आतून वाटतं. माझं ते वाटणं खोटं ठरावं, एवढ्यासाठी हे लिहिलं.

तरीही तुझीच,
आई