बोगुमिलचे नियम, पक्की बांधणी

२ नोव्हेंबर, शनिवार
आज मृतांच्या स्मरणाचा दिवस, बोगुमिलच्या कबरीवर दिवा लावून आलो. वारा नव्हता, तरी सगळ्या कबरस्तानात माझाच दिवा दोनदा विझला. मी असल्या गोष्टी मानत नाही. तिसऱ्यांदा लावला आणि मागे न बघता निघालो.

वाटेत ठरवलं. वर्षानुवर्षं दर गुरुवारी माझ्या छापखान्याच्या मागच्या खोलीत तो गोष्टीचा खेळ चालवायचा, गोष्ट तो सांगायचा. मी, ट्रामवाला वित आणि त्याची बायको लुद्मिला, आम्ही तिच्यातली पात्रं. जगणं-मरणं फाशांवर. सगळे नियम त्याच्या हातचे, सुट्या कागदांवर, कड्यांच्या फाईलमध्ये. नियम पटला नाही की टक्क, कड्या उघड, पान बाहेर. टक्क, नवं आत. आता माणूस गेला. खेळ मोडू द्यायचा नाही, गुरुवार गेला तर मला उरतं काय? मीच चालवणार. पण फाईलमधून नाही. नियमांचं पुस्तक असावं ते पक्क्या बांधणीचं. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, सोनेरी अक्षरं. मी छापखान्यात झाडू मारायला शिरलो आणि मालक झालो. पुस्तक कशाला म्हणतात ते मला कुणी शिकवू नये.

७ नोव्हेंबर
बोगुमिल गेल्यापासून फाईल लुद्मिलाकडे होती, ती तिने दिली. म्हणाली, जप रे तिमोन, त्याचा हात फिरलाय तिच्यावर. घरी आणून टेबलावर ठेवली. स्वयंपाकघरात गेलो तर मागे टक्क. कड्या सैल असणार.

१० नोव्हेंबर
संपादन. गबाळे नियम पुस्तकातून उडवले. उदाहरणार्थ: खेळाला जो येत नाही त्याचं पात्र भूत होतं, घरभर बोलत फिरतं, कुणी ऐकत नाही, तो येऊन टेबलाशी बसला की पुन्हा जिवंत. हा काय नियम झाला? उडवला. नंतर जिना उतरताना उगाच वाटलं, कुणीतरी मागून येतंय. संपादनाचा ताण.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
ग्रंथ तयार! बाळसं असं की दोन्ही हातांनी उचलावा लागतो. वित म्हणाला, मालक, हे वाचायचं की कबरीवर बसवायचं?

गोष्टीतली पुलावरची लढाई रंगात आली. पुस्तक मधोमध उघडून ठेवलं, फासे उचलले, धप्प. मिटलं. पुन्हा उघडलं. धप्प. समोर बोगुमिलची रिकामी खुर्ची. वित चेष्टेत म्हणाला, त्याला पटलेलं दिसत नाही. लुद्मिला हसली नाही.

कागद आडवा कापला गेलाय, तंतू पाठीच्या दिशेने हवे होते, नाहीतर पुस्तक उघडं राहत नाही, हे मला कळतं. पण कारण ते नाही.

२८ नोव्हेंबर
पुलाच्या उघड्या पानावर काकडीच्या लोणच्याची बरणी ठेवली. पुलावर धप्प. बरणी आडवी, पूल खाऱ्या पाण्यात. वितने विचारलं, मी बुडतो की पोहतो? नियम सापडेपर्यंत सूप गार झालं. तो म्हणाला, अरे बाबा, फाईल आण ना. मी म्हटलं, फाईल म्हणजे तात्पुरती सोय.

लुद्मिलाने फाईल परत मागितली. मोठ्या मनाने दिली. वर ग्रंथाची एक प्रत, सहीसकट.

५ डिसेंबर
लुद्मिलाला सर्दी. वितला जादा पाळी. विश्रांती प्रत्येकालाच लागते.

१२ डिसेंबर
पुन्हा सर्दी. पुन्हा पाळी. एकट्याने सराव केला. धप्प. रिकाम्या खुर्चीला म्हटलं, बोगुमिल, पुरे आता. उत्तर नाही. म्हणजे ऐकतोय.

१९ डिसेंबर
रासबेरीचा पाक घेऊन लुद्मिलाकडे गेलो. दारातच थांबलो. कान माझे तिखट. आत टक्क. मग फासे घरंगळले. मग हसणं. आणि मग घोगऱ्या आवाजात कुणीतरी माझं नाव घेतलं: ति-मो-न.

बाटली उंबऱ्यावर ठेवून पायऱ्या उतरलो. शंकाच नको. बोगुमिल त्या घरात आहे. दाराशी वितचे बूट होते, पाळीवर गेलाच नव्हता, म्हणजे तोही झपाटलाय बिचारा. यांना सोडवायचं ते मीच.

२४ डिसेंबर
ग्रंथ दोन्ही हातांनी उचलून गेलो. बोगुमिलला तोंडावर सांगणार होतो की आता नियम छापून झालेत, तू नीघ. लुद्मिलाने दार उघडलं. सर्दी नव्हती. म्हणाली, आलास एकदाचा, बस. टेबलावर तीन ताटं. दोन त्यांची, तिसरं नाताळच्या रिवाजाप्रमाणे अवचित येणाऱ्या पाहुण्याचं. त्यावर मी बसलो.

मी दिलेली प्रत कुठे दिसेना. विचारलं. ती स्वयंपाकघरात होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळून आंबवायच्या कोबीच्या मडक्यावर. रागावू नकोस, लुद्मिला म्हणाली, इतकं नेमकं वजन दुसरं घरात नाही.

जेवणं झाल्यावर फाईल निघाली. टक्क. वित सांगू लागला: तीन गुरुवार झाले, किल्ल्यात एक भूत फिरतंय. सारखं पुठ्ठा, पाठ, सोनेरी अक्षरं बडबडतंय, तोंडाला खळ नाही. कुणी ऐकत नाही. मी विचारलं, कुणाचं भूत? वित घोगऱ्या आवाजात म्हणाला, ति-मो-न.

लुद्मिला म्हणाली, बसला टेबलाशी. झाला जिवंत. आता गप्प बस आणि फासे टाक.

थोड्या वेळाने मी म्हटलं, हा नियम दुसऱ्या आवृत्तीत घ्यायला हवा. वितने विचारलं, मग अख्खं पुस्तक फोडावं लागेल? मी म्हटलं, हो. लुद्मिलाने कड्या उघडल्या, माझ्या पात्राचं पान आत सरकवलं. टक्क.

मी आणखी कोबी वाढून घेतला. छान दाबला गेला होता.